जुना महागडा पटर खरेदी करताना बनावट माल कसा ओळखावा?

बंगळुरू : गोल्फपटूच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब असू शकतात. त्यांपैकी ग्रीनवर चेंडू छिद्रापर्यंत नेणारा पटर हा बहुधा सर्वांत आखूड असतो, पण किंमत मात्र अनेकदा चढी असते. नामांकित कंपनीचा नवा मिल्ड पटर अमेरिकेतच साधारण ४५० ते ५०० डॉलरला, म्हणजे सुमारे ४० हजार रुपयांना विकला जातो. भारतात आयात शुल्क आणि कर धरले, तर रक्कम आणखी वाढते. त्यामुळे वापरलेला पटर घेण्याकडे अनेक खेळाडूंचा, विशेषतः होतकरू खेळाडूंच्या पालकांचा कल असतो. बनावट मालही नेमका याच वाटेने शिरतो. वस्तू ‘वापरलेली’ म्हटली की पावती नसणे, वेष्टन नसणे, रंग उडालेला असणे या सर्व गोष्टी स्वाभाविक वाटू लागतात.

अशा व्यवहारात पैसे हातचे गेल्यानंतर दाद मागण्याचे मार्ग मर्यादित आहेत. म्हणून पटरची परीक्षा खरेदीपूर्वीच व्हायला हवी. ती कशी करावी, कोणत्या खुणांवर किती विसंबावे आणि कायदा कोठवर साथ देतो, याचा हा आढावा.

बंगळुरू आणि गोल्फ

बंगळुरू गोल्फ क्लबची स्थापना १८७६ ची. शहरात कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान आहे, बिडदीजवळ ईगलटन आहे आणि नंदी हिल्सच्या पायथ्याच्या परिसरातही गोल्फ मैदान उभे राहिले आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच शहरात व्यावसायिक खेळाडू म्हणून घडला. बंगळुरूची अदिती अशोक २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून अवघ्या एका फटक्याने निसटले, पण तिच्या पटिंगची दखल जगभर घेतली गेली. त्या स्पर्धेने गोल्फ न खेळणाऱ्यांनाही एका फटक्याचे मोल कळले.

पटरचे महत्त्व साध्या गणितातून स्पष्ट होते. प्रत्येक होलचे ‘पार’ ठरवताना ग्रीनवरील दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे ७२ पारच्या मैदानावर ३६ फटके, निम्मे, एकट्या पटरच्या वाट्याला येतात. त्यामुळे खेळाडू पटरवर खर्च करायला तयार होतो. परदेशातील नोकरी आटोपून परतलेल्यांचा मोठा वर्ग बंगळुरूत आहे. क्लबचे सभासद, प्रो-शॉप, कॅडी, व्हॉट्सअ‍ॅपवरील गट आणि जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची संकेतस्थळे या सर्वांमधून वापरलेले साहित्य हातोहात फिरते. यातील बहुतेक व्यवहार प्रामाणिक असतात. मात्र वस्तू तीन-चार हातांतून गेली की तिचा मूळ मालक कोण होता, हे सांगणारा कोणी उरत नाही.

साधर्म्य म्हणजे बनावट नव्हे

पटर पारखताना पहिली चूक होते ती आकारावरून निष्कर्ष काढण्याची. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे मूळचे अभियंता. त्यांनी १९६६ मध्ये ‘अ‍ॅन्सर’ नावाचा पटर आणला. त्यात वजन हेडच्या दोन्ही टोकांना विभागलेले होते, त्यामुळे चेंडू मधोमध न लागला तरी हेड कमी वळत असे. ही रचना इतकी यशस्वी ठरली की पेटंटची मुदत संपल्यावर जवळपास प्रत्येक कंपनीने तिच्या धर्तीवर पटर काढले. स्कॉटी कॅमेरॉनचा प्रसिद्ध ‘न्यूपोर्ट’ही त्याच घराण्यातला.

म्हणून एखाद्या अपरिचित कंपनीचा स्वस्त पटर न्यूपोर्टसारखा दिसत असेल, तर तो बनावट ठरत नाही. तो स्वतःच्या नावाने विकला जात आहे. दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह किंवा शिक्का परवानगीवाचून कोरून वस्तू त्याचीच असल्याचे भासवले, तर ती बनावट. खरेदीदाराने तपासायचे असते ते नाव खरे आहे का, हे.

बनावट पटर तयार कसा होतो

उत्तम प्रतीचे अनेक पटर धातूच्या एकसंध ठोकळ्यातून संगणकनियंत्रित यंत्रावर कोरून काढले जातात. या पद्धतीला मिलिंग म्हणतात. ती वेळखाऊ आणि खर्चिक असते. बनावट माल करणारा बहुधा खऱ्या पटरचा साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. त्यामुळे कडा किंचित गोलसर होतात, अक्षरे उथळ येतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहू शकतात. मिलिंगचे ठसे मग वरवर उमटवले जातात किंवा साच्यातूनच आणले जातात.

हा उद्योग एखाद्या गल्लीतील कारागिराचा नाही. त्याला तोंड देण्यासाठी गोल्फ साहित्याच्या प्रमुख अमेरिकी कंपन्यांनी २००४ मध्ये एकत्र येऊन कार्यगट स्थापन केला. टायटलिस्ट आणि स्कॉटी कॅमेरॉन या नाममुद्रांची मालक अ‍ॅकुशनेट, तसेच कॅलवे, पिंग, टेलरमेड अशा एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या त्यात आहेत. २०२१ मध्ये चीनमधील पोलिसांनी दहा ठिकाणी छापे घालून १५ जणांना ताब्यात घेतले. त्या कारवाईत गोल्फशी संबंधित सुमारे १ लाख २० हजार बनावट वस्तू जप्त करण्यात आल्या.

अलीकडे बनावट माल करणारेही खऱ्या पटरचे त्रिमितीय स्कॅनिंग करून यंत्रावर हेड कोरू लागले आहेत. असा माल नुसत्या नजरेने पकडणे कठीण असते. म्हणून एखादीच खूण पाहून निर्णय घेऊ नये.

हातात घेतल्यावर काय पाहावे

पटर हातात घेण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलची आणि त्याच वर्षाच्या आवृत्तीची कंपनीने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत. एकाच नावाच्या पटरमध्ये दर दोन-तीन वर्षांनी अक्षरांची जागा, रंग किंवा तळावरील वजनांची रचना बदलते. चुकीच्या वर्षाशी तुलना केली तर खरा पटर बनावट वाटू शकतो आणि बनावट खरा.

अक्षरे : कोरीव अक्षरांची खोली सर्वत्र सारखी आहे का, वळणे आणि टोके धारदार आहेत का, दोन अक्षरांमधील अंतर मूळ छायाचित्राशी जुळते का, हे पाहावे. नावातील अक्षरांची जाडी आणि घडण जशीच्या तशी उतरवणे बनावट करणाऱ्यांना अवघड जाते. नखाची कड अक्षरावरून फिरवली तरी खोलीतील फरक जाणवतो.

रंग : खोलगट भागात भरलेला रंग काठाबाहेर ओघळलेला नसावा. मात्र रंग उडालेला असणे हा दोष मानू नये. वापरलेल्या पटरचा रंग उडतोच. उलट, डोके भरपूर वापरलेले आणि रंग कोरा करकरीत असेल, तर तो कोणी आणि केव्हा भरला, हे विचारावे.

मिलिंगचे ठसे : चेंडूला भिडणाऱ्या दर्शनी भागावरील रेषा किंवा वर्तुळे तिरप्या उजेडात समान अंतराने आणि समान खोलीने दिसली पाहिजेत. पुसट, तुटक किंवा रंगाच्या थराखाली दबलेले ठसे संशयास्पद असतात.

जोड : शाफ्ट हेडमध्ये जिथे बसतो, तिथे गोंद बाहेर आलेला किंवा फट राहिलेली नसावी. शाफ्टवरील पट्टीचा रंग, मजकूर आणि शब्दांचे स्पेलिंग काळजीपूर्वक वाचावे. स्पेलिंगमधील चूक हा बनावटपणाचा जवळपास निर्णायक पुरावा असतो.

ग्रिप आणि हेडकव्हर : बनावट ग्रिपचे रबर अनेकदा चिकट लागते व त्याला रसायनाचा उग्र वास येतो. हेडकव्हरची शिवण वेडीवाकडी, भरतकामातील धागे सुटलेले, बोधचिन्ह एका बाजूला झुकलेले, अशा गोष्टी नजरेत भरतात. पण ग्रिप आणि हेडकव्हर केव्हाही बदलता येतात. खऱ्या पटरवर दुय्यम हेडकव्हर आणि बनावट पटरवर अस्सल हेडकव्हर, दोन्ही शक्य आहे. म्हणून निर्णय हेडवरूनच करावा.

वजन, चुंबक आणि माप

डोळ्यांची परीक्षा झाल्यावर उपकरणांकडे वळावे. ती महागडी नाहीत.

पहिली परीक्षा वजनाची. साधारण पटरच्या हेडचे वजन ३३० ते ३७० ग्रॅमच्या दरम्यान असते आणि अनेक कंपन्या ते मॉडेलनिहाय जाहीर करतात. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत जस्ताचा मिश्रधातू त्याच आकारमानात सुमारे एक-षष्ठांशाने हलका भरतो. हेड वेगळे करून तोलता येत नसल्याने संपूर्ण पटर साध्या वजनकाट्यावर ठेवावा आणि तेच मॉडेल, तीच लांबी, तीच ग्रिप असलेल्या खात्रीच्या पटरशी तुलना करावी. क्लबमधील एखाद्या सभासदाकडे किंवा प्रो-शॉपमध्ये असा पटर बहुधा मिळतो.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. अनेक प्रीमियम पटर ३०३ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. कंपनीने ३०३ स्टील सांगितले असताना चुंबक हेडच्या टोकाला घट्ट बसला, तर पटर घेऊ नये. मात्र ही परीक्षा एकतर्फी आहे. जस्त, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांनाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तो न चिकटणे हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही. दुसरीकडे कार्बन स्टील किंवा १७-४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या अस्सल पटरला चुंबक चिकटणारच. म्हणून आधी मॉडेलचा धातू माहीत करून घ्यावा. शाफ्ट पोलादी असल्याने चुंबक त्याच्यापासून आणि तळावरील सुट्या वजनांपासून दूर ठेवावा.

तिसरी परीक्षा मापाची. खऱ्या हेडचा साचा घेऊन ओतकाम केले असेल, तर धातूच्या आकुंचनामुळे नक्कल एक-दोन टक्क्यांनी लहान निघते. सुमारे ११ सेंटिमीटर लांबीच्या हेडमध्ये हा फरक एक-दोन मिलिमीटरचा होतो आणि व्हर्निअर कॅलिपरने तो सहज मोजता येतो. माप जुळले म्हणजे मात्र संशय पूर्ण फिटत नाही, कारण स्कॅनिंगवरून कोरलेल्या नकलेत ही उणीव राहत नाही.

रक्कम मोठी असेल तर धातुपरीक्षणाचा मार्ग आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूतील घटक ओळखणारी एक्सआरएफ यंत्रे धातुपरीक्षण प्रयोगशाळांमध्ये वापरली जातात. पीण्यासारखी औद्योगिक वसाहत असलेल्या बंगळुरूत अशी प्रयोगशाळा शोधणे कठीण नाही. या चाचणीत वस्तूवर ओरखडाही उठत नाही. ३०३ स्टीलमध्ये साधारण १७ ते १९ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते. अहवालात त्याऐवजी जस्त निघाले, तर पुढे चर्चेचे कारण उरत नाही. हीच गोष्ट लेपाची. लेप आणि आतला धातू वेगळे असू शकतात, म्हणून लेप झिजलेल्या जागीही चाचणी करून घ्यावी.

अनुक्रमांक आणि ‘टूर’चा शिक्का

अनुक्रमांक आहे म्हणून पटर खरा, असे अनेकांना वाटते. अनुक्रमांक कोरणे हे बनावट पटर करण्यातले सर्वांत सोपे काम आहे. एकाच खऱ्या पटरचा क्रमांक शेकडो नकलांवर टाकता येतो. अनुक्रमांकाला अर्थ येतो तो कंपनीच्या नोंदींशी जुळल्यावर. पिंगसारखी कंपनी आपल्या आयर्न क्लबच्या क्रमांकावरून त्यांचा मूळ तपशील सांगू शकते. पटरच्या बाबतीतही संबंधित कंपनीला क्रमांक आणि छायाचित्रे पाठवून विचारणा करावी व उत्तर लेखी घ्यावे.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती तथाकथित ‘टूर’ पटरबाबत. व्यावसायिक खेळाडूंसाठी बनवलेल्या स्कॉटी कॅमेरॉन पटरवर वर्तुळातील ‘टी’ हा शिक्का असतो. असे पटर संग्राहकांच्या बाजारात साध्या पटरच्या कितीतरी पट किमतीला जातात. टायगर वूड्सने आपल्या १५ पैकी १४ प्रमुख विजेतेपदांमध्ये स्कॉटी कॅमेरॉनचा न्यूपोर्ट-२ हा एकच पटर वापरला. त्याच्यासाठी राखीव म्हणून तयार केलेला तशाच धर्तीचा एक पटर २०२१ मध्ये लिलावात ३ लाख ९३ हजार ३०० डॉलरला गेला. असे आकडे कानावर येऊ लागले की एका शिक्क्याची किंमत वाढते. त्यातून फसवणुकीचा एक सूक्ष्म प्रकार निघाला आहे. दुकानातला साधा पण अस्सल पटर घ्यायचा, त्यावर ‘टी’चा शिक्का मारायचा आणि तो ‘टूर’ म्हणून विकायचा. येथे धातू खरा, मिलिंग खरे, वजनही खरे. खोटा असतो तो एक शिक्का. वरील कोणतीही भौतिक परीक्षा त्यावर लागू पडत नाही. अशा वेळी कंपनीचे सत्यता प्रमाणपत्र आणि त्याची कंपनीकडून पडताळणी हाच आधार राहतो. प्रमाणपत्रही छापता येते, हे विसरू नये.

प्रत्येक वेगळेपण संशयास्पद नसते

जुन्या पटरचा शाफ्ट कापलेला असू शकतो, ग्रिप बदललेली असू शकते, हेड नव्याने घासून त्यावर वेगळा लेप चढवलेला असू शकतो. हे काम कंपनीच्या कार्यशाळेत होते, तसेच स्वतंत्र कारागिरांकडेही होते. असा पटर बदललेला असतो, बनावट नसतो. किंमत ठरवताना फरक पडतो, पण विक्रेत्यावर फसवणुकीचा आरोप करण्याचे ते कारण नव्हे.

विक्रेता स्वतःच फसलेला असण्याची शक्यताही असते. विशेषतः कॅडी आणि छोटे मध्यस्थ दुसऱ्याने दिलेली वस्तू विश्वासावर पुढे देतात. मैदानावरील त्यांची पत हेच त्यांचे भांडवल असते. म्हणून संशय आल्यास शांतपणे तो बोलून दाखवावा आणि तज्ज्ञाकडे दाखवण्याची मुदत मागावी. प्रामाणिक विक्रेता बहुधा नकार देत नाही.

मैदानावरील परिणाम

बनावट पटर दिसायला हुबेहूब असला, तरी त्याच्या दर्शनी भागाचा कल, म्हणजे लॉफ्ट, अचूक असेलच असे नाही. पटरचा लॉफ्ट साधारण तीन-चार अंश असतो. तो जास्त झाला की चेंडू सुरुवातीला उसळतो, कमी झाला की गवतात दबतो. शिकाऊ खेळाडू मग दोष स्वतःच्या हातांना देतो आणि चांगली लकब बिघडवून बसतो.

स्पर्धेत धोका याहून मोठा आहे. गोल्फच्या नियम ४.१ प्रमाणे क्लब साहित्यविषयक नियमांना धरून असावा लागतो. नियमबाह्य क्लबने एक फटका मारला तरी शिक्षा अपात्रतेची आहे. बनावट पटर नियमबाह्य असतोच असे नाही, पण तो नियमानुसार असल्याची हमी देणाराही कोणी नसतो. कनिष्ठ गटातील मुलाला वडिलांनी हौसेने घेतलेल्या पटरमुळे मैदान सोडावे लागणे, ही शक्यता पालकांनी ध्यानात घ्यावी.

कायदा काय म्हणतो

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि कलम १०४ नुसार तसे चिन्ह असलेला माल विकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सर्व वाजवी दक्षता घेऊनही शंका घेण्यास कारण नव्हते, हे विक्रेत्याने सिद्ध केल्यास त्याला बचाव मिळतो. याचा अर्थ असा की, पटर बनावट असल्याचे कळल्यावर तो ‘निदान निम्मे पैसे तरी सुटतील’ म्हणून पुढे विकणारा खरेदीदार स्वतःच गुन्हेगार ठरू शकतो.

खरेदी ऑनलाइन बाजारपेठेतील व्यावसायिक विक्रेत्याकडून झाली असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० ग्राहकाच्या बाजूने आहेत. बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करता येतात.

मात्र हेच नियम नियमित व्यवसाय नसलेल्या, वैयक्तिक नात्याने वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. वापरलेले पटर बहुतांशी अशाच व्यक्तींकडून घेतले जातात. तेथे आधार उरतो तो मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ चा. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि वर्णन काय दिले होते, हे सिद्ध करावे लागते. जाणूनबुजून फसवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार देता येते. पैसे ऑनलाइन पाठवून वस्तूच आली नाही, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे.

पैसे देण्यापूर्वी

या सर्वांतून व्यवहाराचा एक साधा क्रम निघतो. मूळ खरेदीची पावती, निदान खरेदीचे वर्ष आणि ठिकाण विचारावे. आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह पटरची नवी छायाचित्रे मागवावीत, म्हणजे दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेली चित्रे बाद होतात. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. शक्यतो क्लबमध्ये, जाणकाराच्या उपस्थितीत भेटावे आणि अस्सल पटरशेजारी ठेवून तुलना करावी. मॉडेल, वर्ष, किंमत आणि ‘अस्सल आहे, नसल्यास पैसे परत’ एवढे विक्रेत्याकडून संदेशाद्वारे लिहून घ्यावे. वाद झालाच तर कलम १५ चा ‘वर्णना’चा पुरावा म्हणून हाच संदेश उपयोगी पडतो. रक्कम रोख न देता खात्यावर द्यावी, जेणेकरून नोंद राहील.

बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किंमत, ‘आज संध्याकाळपर्यंतच’ अशी घाई आणि तपासणीस नकार, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर पटर पाहण्याचीही गरज नाही. आणि शंका उरलीच, तर तेवढ्याच पैशांत एखाद्या साध्या कंपनीचा नवा, पावतीसह पटर अधिकृत दुकानातून मिळतो. तो नियमानुसार असल्याची खात्री तरी खेळाडूला राहते.